अण्णांची गाडी तळ्यात

माझे वडील एकदा दिवसाढवळ्या तळ्याच्या मधोमध जाऊन बसले होते, आणि त्यांना तिथं पाठवणारा मी होतो.

(घाबरू नका, तळ्यात पाणी नव्हतं. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी यायचं. आमच्या तालुक्याच्या गावाला रेल्वेच नव्हती, म्हणून आम्ही टँकरवर होतो. तोही आठ दिवसांतून एकदा, आणि आला तर!)

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं. त्यातली निम्मी तरी मुखेड-लातूर गाडीवर. बत्तीस वर्षांत एक अपघात नाही, हे ते रोज एकदा सांगायचे आणि सांगताना माझ्याकडं बघायचे. कारण त्यांच्या पोटी जन्मून मला साधी सायकलसुद्धा नीट चालवता येत नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो. पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते ते मी फळ्यावर झकास काढून दाखवतो. स्कूटर कोपऱ्यावर कशी फिरवायची ते मात्र अजून जमलेलं नाही.

तर त्या दुष्काळात अण्णा पडले. कशावरून? पाण्यावरून! अख्ख्या तालुक्यात जीभ ओली करायला थेंब नव्हता, आणि अण्णा टँकरच्या पाइपातून सांडलेल्या पाण्यावरून घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी हळहळायचा, मग हळूच विचारायचा, "पण पाणी सांडलंच कसं म्हन्तो मी?" लोकांना हाडापेक्षा पाण्याचं दुःख जास्त.

लातूरला ऑपरेशन झालं आणि अण्णा व्हीलचेअरवर घरी आले. महिना-दोन महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, "हाड जुळलंय. आता वॉकर धरून उभं राहायचं. रोज चार पावलं टाकायची." अण्णांनी मान डोलावली, आणि घरी येऊन वॉकरवर टॉवेल वाळत घातला. त्यानंतर वॉकरचा तेवढाच उपयोग झाला.

आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केले. मी शास्त्रीय पद्धतीनं समजावलं. माझी बायको मंगल गोड बोलली. माझी आई, म्हणजे आमची माय, कडू बोलली. अण्णा हूं की चूं करायचे नाहीत. खुर्ची भिंतीकडं तोंड करून लावायची आणि दिवसभर बसायचं. पूर्वी घड्याळ न बघता सांगायचे, "आता अहमदपूर गाडी सुटली असंल. आता उदगीर लागली असंल." तेही बंद झालं. जेवण अर्ध्यावर आलं. एकदा स्वयंपाकघरातून मी ऐकलं. मायनं विचारलं, "एवढं काय भ्यायचं उभं राहायला?" अण्णा म्हणाले, "पुन्हा पडलो तं?" बत्तीस वर्षं बाकीच्यांना न पाडता घरी पोचवणारा माणूस तो! मी हातातला पेला तसाच खाली ठेवला.

आता बागेबद्दल सांगतो. आमचं गाव जिल्हा होणार, अशी त्या दिवसांत पक्की बातमी होती. (अशी पक्की बातमी आमच्याकडं दरवर्षी येते.) बातमीच्या भरात एका सलूनवाल्यानं 'न्यू जिल्हा हेअर कटिंग' अशी पाटीही लावली. मग जिल्ह्याच्या गावाला बाग नको का? झाली बाग. गावाबाहेरच्या तळ्याच्या काठानं. घसरगुंडी, झोपाळे, सिमेंटचा हत्ती, आणि तळ्याच्या कडेकडेनं अडीचशे पावलांचा एक गुळगुळीत रस्ता, एका बाजूला लोखंडी कठडा. त्यावर निळी पाटी: 'ज्येष्ठ व दिव्यांग बंधुभगिनींसाठी सुलभ जलदर्शन पथ'. रस्ता पूर्ण झाला त्याच महिन्यात जल संपलं. पण 'पाणी खोल आहे, सावधान' ही पाटी शेजारी होतीच.

माझी मुलगी पल्लवी तेव्हा नववीत होती. ती शाळेच्या सहलीनं त्या बागेत जाऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, तिथं व्हीलचेअरचा खास रस्ता आहे. आजोबांना नेऊ या ना!"

माय म्हणाली, "न्या बाबा त्यान्ला कुठंतरी. भितीकडं बघून बघून आता भितच बोलायली."

अण्णा ऐकेनात. "लोकांनी मला स्टेअरिंगवर बघितलंय. आता ढकलगाडीवर बघू द्यू का?" मग पल्लवीनं विचारलं, "आजोबा, ते तळं तुमच्या गाडीच्या रस्त्यावर होतं का?" अण्णांची मान पाच महिन्यांत पहिल्यांदा भिंतीकडून वळली. "हाव! तिथं तं मी रोज गाडी लावायचो. रेडिएटरमंदी पानी घालायला. प्याशिंजर उतरून तोंड धुवायचे. लई मोठं तळं, पोरी!" आणि मग हळूच, "हाय का ग थोडं पानी अजून?"

"मधे एक डबकं आहे, आजोबा."

"चला," अण्णा म्हणाले. "पण मेन रोडनं न्हाई. मागच्या गल्लीनं. कुनाला दिसायचं न्हाई मला."

रविवारी दुपार कलल्यावर आम्ही निघालो. अण्णांनी डोक्याला उपरणं गुंडाळलं, त्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावला. मंगलनं डब्यात धपाटे भरले, माय डबा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून निघाली. मी खुर्ची ढकलत होतो. मागच्या गल्लीच्या तोंडाशी वळलो, आणि समोर काय? टँकर! अख्खं गाव त्या गल्लीत घागरी घेऊन रांगेत उभं! मेन रोडवर त्या वेळी कुत्रंसुद्धा नसेल.

"जयभीम अण्णा!" रांगेतून आवाज आला.

"रामराम ड्रायव्हरसाब! गाडी कुठं चालली?"

"अण्णा, चष्मा लई भारी हाय बरं का!"

दोन्ही बाजूंना रांग, मधून आमची मिरवणूक. त्यात रस्ता टँकरच्या पाण्यानं ओला, म्हणून मी खुर्ची मुंगीच्या पावलानं नेत होतो. अण्णा उपरण्यातून दात ओठ खात म्हणाले, "सुध्या, सेकंड टाक की रे, सेकंड टाक!" मी घाईघाईनं जोर लावला, आणि खुर्ची एका बाईच्या घागरीला लागली. घागर वाचली. बाईनं माझ्या खानदानाबद्दल जे सांगितलं ते अण्णांना उद्देशून नव्हतं, असं मी आजही मानतो.

बागेच्या फाटकाशी दुसरी अडचण. मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून वाटेत तीन लोखंडी खांब रोवलेले. त्यांच्यामधून माणूस जाई, शेळी जाई, व्हीलचेअर जात नव्हती! म्हणजे खुर्चीसाठी रस्ता आत, आणि खुर्ची बाहेर. मी भूगोलाचा माणूस. मी मनातल्या मनात अंतर मोजलं आणि म्हणालो, "तिरकी घेतली तर जाईल." तिरकी घेतली. गेली नाही. उलट अडकली, आता ती बाहेरही येईना.

"आरं, साइड बघ! डावीकडं काप, डावीकडं!" अण्णा ओरडले. "आरशात बघायचं सोडून कुठं बघायलास?"

फाटकाशेजारच्या स्टुलावर एक म्हातारा राखणदार पेंगत होता. खाकी शर्ट, मेंदी लावलेली दाढी, हातात काठी. त्या आवाजासरशी तो ताडकन उभा राहिला. डोळे चोळत जवळ आला, अण्णांच्या उपरण्यात वाकून बघायला लागला.

"ये आवाज... अण्णा? मुखेड गाडीवाले अण्णा?"

अण्णांनी चष्मा काढला. "खय्यूम? आरं तू? तू तं मुखेडला लेकीकडं गेलतास ना?"

"तीन महिने हुए वापस आके! यहां गेट पे बैठता हूं। क्या अण्णा, इत्ता बडा अ‍ॅक्सिडेंट होके मेरे कू खबर नक्को?"

खय्यूमभाई अण्णांचे कंडक्टर. चौदा वर्षं एकाच गाडीवर दोघं. त्यांनी काठी बगलेत धरली, अण्णांचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि दोघं म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले. खुर्ची खांबांत अडकलेलीच होती.

मोठ्या फाटकाची किल्ली साहेबांकडं, आणि साहेब नव्या जिल्ह्याच्या बैठकीला. मग ठरलं, खुर्ची अण्णांसकट उचलून खांबांवरून पलीकडं न्यायची. चार कोपऱ्यांना चौघं: खय्यूमभाई, मंगल, पल्लवी आणि मी. मी म्हणालो, "तीन म्हटलं की उचला." एक, दोन, तीन! तिघांनी 'तीन'ला उचललं. मी 'तीन' म्हणून झाल्यावर श्वास घेतला आणि मग उचललं. तेवढ्यात अण्णा माझ्या बाजूला असे कलंडले की त्यांचं उपरणं माझ्या गळ्यात आलं.

"माझ्या गाडीत असता तं तुला टपावर बसवला असता," अण्णा म्हणाले. पण आवाजात पूर्वीची धार आली होती. मायनं माझ्याकडं बघून डोळे बारीक केले. म्हणजे खूश होती.

आत गेल्यावर मात्र मजा आली. खरंच गुळगुळीत रस्ता! चाकं आपोआप पळत होती. अण्णा एका हातानं कठड्याला स्पर्श करत चालले होते, खय्यूमभाई शेजारून. "याद है, लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हा?" खय्यूमभाई म्हणाले. "हाव की. गाडीला तोरण बांधलं होतं लोकांनी," अण्णा म्हणाले. "एक म्हातारी मला म्हणाली, ड्रायव्हर, आता जिल्हा जवळ आला, तं तिकीट कमी घ्या. मी म्हणालो, मावशी, जिल्हा जवळ आला पन रस्ता तेवढाच हाय!" दोघं खोकेपर्यंत हसले. अण्णांना हसताना मी पाच महिन्यांनी बघत होतो. मला भरून आलं, आणि त्या नादात मी खुर्ची सिमेंटच्या कचऱ्याच्या डब्यावर नेऊन आदळली. डब्याला तोंड सशाचं होतं.

अडीचशे पावलं संपली. रस्ता संपला. अण्णांनी वळून बघितलं. उजव्या हाताला तळं. म्हणजे तळ्याची जागा. भेगाळलेली काळी माती, त्यात म्हशींच्या पाऊलवाटा, आणि लांब, मधोमध, ऊन पडल्यावर चमकणारं काहीतरी.

"पानी कुठाय?" अण्णा म्हणाले.

"ते काय, आजोबा. लांब आहे."

"मला दिसंना."

एवढा घाट घालून माणसाला पाणी दाखवायला आणलं, आणि त्याला ते दिसेना! तेव्हा खय्यूमभाईंनी काठीनं दाखवलं. रस्त्याच्या टोकाला होड्या उतरवण्यासाठी तळ्यात जाणारा सिमेंटचा उतार केलेला होता. (होड्या यायच्या होत्या. जिल्ह्याबरोबर.) त्या उताराच्या सुरुवातीला थोडं खाली एक सपाट ओटा होता. "वहां से पूरा दिखता, अण्णा."

मंगल म्हणाली, "अहो, नको. तो उतार आहे."

"अगं, उतार किरकोळ आहे," मी म्हणालो. "चार-पाच अंशांचा. मी शिकवतो ना हे!"

खुर्ची उतारावरून उलटी न्यायची असते, हे दवाखान्यात सांगितलं होतं. माणसाचं तोंड वर, आपण खालच्या बाजूला, आणि मागं मागं जायचं. म्हणजे थोडक्यात, गाडी रिव्हर्स घ्यायची! अण्णा आणि खय्यूमभाई यांनी एकमेकांकडं बघितलं. दोघांचे चेहरे वीस वर्षांनी लहान झाले. खय्यूमभाई काठी घेऊन बाजूला उभे राहिले, कठड्यावर काठीचा हात ठेवला आणि गाडी मागं घेताना जुन्या स्टँडवर 'आने दो'चा घुमायचा तसा आवाज काढला:

"आन्दो! आन्दो! आन्दो, आन्दो, आन्दो..."

मी मागं मागं उतरतोय, अण्णा डोकं वळवून खांद्यावरून बघतायत, एक हात खुर्चीच्या ब्रेकवर. "सरळ घे... थोडं उजवीकडं... हां." आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांची गाडी चालवत होतो आणि ते मला शिव्या देत नव्हते!

ओट्यावर मागची चाकं आली, पुढची अजून उतारावरच होती. खय्यूमभाईंनी कठड्यावर काठी मारली. टण्!

एसटीत बसणाऱ्याला सांगायला नको. एक टोला म्हणजे थांबा. अण्णांनी खटकन ब्रेक ओढला. खुर्ची थांबली. ब्रेक लागलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, म्हणून मूठ सोडली.

एवढ्यात पल्लवीनं वरून विचारलं, "पप्पा, चार-पाच अंश म्हणजे नेमकं किती हो?"

शिक्षकाला असं कुणी विचारलं की त्याचे दोन्ही हात वर जातात. माझे गेले. मी एका तळहाताची जमीन केली, दुसऱ्याचा उतार केला, आणि म्हणालो, "हे बघ, असा..."

त्याच क्षणी, ओट्याच्या वर उभ्या असलेल्या मायच्या हातातून धपाट्यांच्या डब्याचं झाकण निसटलं आणि सिमेंटवर पडलं.

टण्!

दुसरा टोला. दोन टोले म्हणजे चला! बत्तीस वर्षांची सवय. अण्णांनी काही विचार केला नाही. त्यांच्या हातानंच केला. ब्रेक सुटला.

खुर्ची हलली. माझ्याच दिशेनं! मी तिच्या मागं, खालच्या बाजूला उभा, दोन्ही हात हवेत, उतार समजावत. मी नुसता उभा राहिलो असतो तरी खुर्ची माझ्या पोटाला टेकून थांबली असती. पण अण्णांनी खांद्यावरून बघितलं, गाडीच्या मागं माणूस उभा दिसला, आणि त्यांच्यातला ड्रायव्हर पूर्ण ताकदीनं ओरडला:

"बाजूला हो!"

आणि मी बाजूला झालो.

जन्मभर मी अण्णांचं म्हणणं पहिल्या हाकेला कधी ऐकलं नव्हतं. ते त्या दिवशी ऐकलं!

अण्णा माझ्या अंगावरून वारा घालत गेले. तोंड आमच्याकडं, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, उपरण्याचं टोक फडफडतंय. मागं मागं जात ते लहान होत गेले. सिमेंट संपलं, म्हशींनी घोटून गुळगुळीत केलेली पाऊलवाट लागली, तिच्यावरून खुर्ची खडखडत आणखी पुढं (म्हणजे मागं) गेली, आणि डबक्याच्या अलीकडं मऊ चिखलात जाऊन फच्चकन थांबली. पडले नाहीत. कलंडलेसुद्धा नाहीत. तळ्याच्या मधोमध ताठ बसून राहिले. भोवती चार-पाच बगळे होते, ते उडालेदेखील नाहीत. जरासे सरकून त्यांनी जागा दिली.

"मेलं माझं मानूस!" माय किंचाळली. "सुध्या, मुडद्या, बापाला तळ्यात सोडलास?"

"मी नाही, तूच बेल दिलीस!" असं म्हणत मी धावलो. भेगाळलेल्या मातीवरून जवळची वाट काढली. वरून कडक दिसणारी माती आतून कशी असते, हे मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. तिसऱ्या उडीला उजवा पाय घोट्यापर्यंत गेला, चौथीला डावा गुडघ्यापर्यंत. चप्पल काढायला वाकलो, तर हात कोपरापर्यंत. हात सोडवायला गेलो आणि तोंडावर पडलो. उठून बसलो तेव्हा मी माझा मला ओळखू आलो नसतो. अण्णांपासून दहा-बारा पावलांवर मी चिखलात खुंटीसारखा रुतलो होतो.

"अण्णा!" मी ओरडलो. "घाबरू नका! मी आलो!"

अण्णांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. मग खुर्चीच्या चाकाकडं बघितलं. आणि मग त्यांनी जे केलं ते रस्त्यात गाडी रुतली की ते नेहमी करायचे.

ते खाली उतरले.

खुर्चीचे दोन्ही दांडे धरून आधी पुढं वाकले, एक पाय चिखलात ठेवला, दाबून बघितला. मग दुसरा. मग कमरेतून हळूहळू सरळ झाले. एका हातानं खुर्ची धरून दोन पावलं मागं गेले, वाकून चाक बघितलं, आणि तोंडानं च्यक् केलं. चाक किती रुतलंय ते बघण्यात त्यांचं इतकं लक्ष होतं, की आपण कशावर उभे आहोत हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं!

मंगल, पल्लवी, माय आणि खय्यूमभाई म्हशींच्या वाटेनं धावत आले होते. सगळे जागच्या जागी थांबले. मायच्या तोंडाचा आ झाला. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात खय्यूमभाईंनी बोट ओठांवर ठेवलं आणि पुटपुटले, "नक्को भाभी। बोले तो बैठ जायेंगे।"

मायनं पदराचा बोळा तोंडात धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाज म्हणून नव्हता. मला चिखलातून काहीच बोलता येत नव्हतं. तोंडात तळं होतं.

"खय्यूम," अण्णा म्हणाले, "डावं चाक लई गेलंय रे. दगड लाव. मंगल, तो बाभळीचा फांटा आन बरं, चाकाखाली घालू. पोरी, तू इकडून धर." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "आन सुध्या, तू काय बसलास तिथं? बाहेर निघ. पाय वडू नको, आडवा हो आन लोळत ये!"

मी आडवा झालो आणि लोळत आलो. भूगोलाचा शिक्षक, वय वर्षं त्रेचाळीस, स्वतःच्या मुलीसमोर.

बाग बघायला आलेली दोन कुटुंबं, घसरगुंडीवरची सगळी पोरं आणि त्यांच्या आया असे एव्हाना कठड्यावर जमले होते. अण्णांनी वर बघून हाळी दिली, "उतरू नका रे कुनी! प्याशिंजरनी जाग्यावर बसा!" आणि गर्दी खरोखर जागच्या जागी बसली.

चाकाखाली फांटा गेला, खय्यूमभाईंनी काठीची पहार केली, मी मागून खांदा लावला. "एक बार... हौ!" खुर्ची निघाली. आता रिकामी खुर्ची पल्लवी ओढत होती, आणि तिच्या मागच्या मुठी धरून अण्णा चालत होते. एक पाऊल. थांबा. दुसरं पाऊल. खय्यूमभाई एक हात त्यांच्या पाठीशी, न टेकवता, नुसता धरून. आम्ही मागून, श्वास रोखून. तळ्यातून उतारापर्यंत किती पावलं झाली ते मी मोजली नाहीत. मायनं मोजली होती. बहात्तर.

उताराशी आल्यावर अण्णा थांबले. वळून त्यांनी मागं बघितलं. आता डबकं ऐन समोर होतं, उन्हात लखलखत.

"हाय की पानी," ते म्हणाले. "येईल, वाढंल." मग आपल्या चिखलानं भरलेल्या पायांकडं त्यांची नजर गेली. त्यांनी खुर्चीच्या मुठी घट्ट धरल्या. मला वाटलं, आता बसतील.

"सुध्याची माय," ते म्हणाले, "मी चाललो व्हय ग?"

"व्हय," पदर तोंडातून काढत माय म्हणाली. "आन आता थांबू नगा. धपाटे गार व्हायलेत."

मग अण्णा खुर्चीत बसले आणि त्यांनी चार धपाटे खाल्ले. झाकणाशिवायच्या डब्यातले. परत जाताना म्हणाले, "मेन रोडनं घे." चष्मा खिशात, उपरणं खांद्यावर. दिसेल त्याला हात करत, थांबून सांगत घरी यायला आम्हाला दीड तास लागला. प्रत्येक थांब्यावर गोष्टीतला माझा भाग वाढत गेला. घराजवळच्या पानटपरीपर्यंत मी तळ्यात बुडत होतो आणि अण्णांनी मला केसाला धरून काढलं होतं.

पुढं टॉवेल दोरीवर गेला आणि वॉकर चालायला लागला. अण्णा रोज संध्याकाळी त्या अडीचशे पावलांवर खय्यूमभाईंबरोबर फिरायचे. मधे दोन बाकांवर हॉल्ट. पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं, तेव्हा आम्हाला न सांगता दोघं रिक्षा करून बघायला गेले आणि भिजून आले. होड्या अजून यायच्या आहेत. जिल्हाही. खय्यूमभाई आधी गेले, मग वर्षभरात अण्णा. आता त्या रस्त्यानं मी एकटा चालतो. त्या ओट्यापाशी आलो की पाय आपोआप मंद होतात, आणि कुठं भांडं वाजलं तर अजून दचकतो.

त्या दिवशीचा एक फोटो आहे. पल्लवीनं त्या धांदलीतही मंगलच्या मोबाइलवर काढला होता. आम्हाला आठवड्यानं कळलं. मायनं तो मोठा करून, चौकट लावून बैठकीत टांगलाय. अगदी ऐन क्षण: मागं तळं, बगळे, आणि मधोमध अण्णा, एका हातानं खुर्ची धरून, स्वतःच्या पायांवर उभे. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढं थांबतो, अण्णांकडं बघून हात जोडतो. मग त्याची नजर फोटोच्या खालच्या कोपऱ्यात जाते.

"अण्णा छान आलेत हो," परवाच एक पाहुणे म्हणाले. "पण हे चिखलात लोळणारं रेडकू कुणाचं?"

माय चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "आमचंच हाय."